चित्रपुस्तकांतून लहान मुलांना मोजणी शिकवताना नेमके काय करावे?

उंबरठा

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. एक ते वीसपर्यंतचे अंक ती न अडखळता म्हणते आणि घरी आलेल्यांना त्याचे कौतुकही वाटते. परंतु 'तीन वाट्या आण' असे सांगितले की हाताला लागतील तितक्या वाट्या घेऊन येते. चित्रपुस्तकातील बदके ती बोट ठेवून 'एक, दोन, तीन, चार, पाच' अशी मोजते, आणि त्यावर 'मग एकूण किती बदके आहेत?' असे विचारले की उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजू लागते. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे, की शंभरपर्यंत पाठ करून घ्यावे, बाकीचे ओघाने येते. तिला पुस्तकांची असलेली ओढ पाहून मला मात्र वाटते की मोजणीची सुरुवात चित्रपुस्तकांतूनच व्हावी. बाजारात अंकओळखीची पुस्तके पुष्कळ मिळतात, पण बहुतेकांत एका पानावर मोठा अंक आणि शेजारी तितकी फळे, एवढेच असते. अशा पुस्तकांचा खरोखर उपयोग होतो का, आणि ती मुलांबरोबर कशी वाचावीत, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे ही विनंती.

बालवाडीच्या_बाई

उंबरठाताई, तुमची मुलगी तिच्या वयाला साजेसेच वागते आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही. अंक म्हणणे आणि वस्तू मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. मानसशास्त्रज्ञ रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मोजणीमागची पाच तत्त्वे मांडली आणि बालशिक्षणात आजही ती आधाराला घेतली जातात. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा, म्हणजे आपण ज्याला एकास एक संगती म्हणतो ती राखायची, हे पहिले. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा, हे दुसरे. शेवटी उच्चारलेला अंक हा केवळ शेवटच्या बदकाचा नसून सगळ्या बदकांचा मिळून आहे, हे तिसरे. तुमची मुलगी या तिसऱ्या पायरीवर उभी आहे आणि बहुतेक मुले तेथे बराच काळ थांबतात. कोणत्याही वस्तू एकत्र मोजता येतात आणि मोजायला कोठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही, ही उरलेली दोन तत्त्वे पुढे समजतात.

मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांच्या १९९० आणि १९९२ मधील अभ्यासांत मुलांकडे 'मला दोन दे', 'मला तीन दे' अशा मागण्या केल्या होत्या. त्यांतून असे दिसले की मूल आधी 'एक'चा अर्थ पक्का करते, मग काही महिन्यांनी 'दोन'चा, नंतर 'तीन'चा, आणि त्यानंतर कधीतरी सगळ्या मोजणीचाच अर्थ त्याला उमगतो. हा टप्पा साधारणपणे साडेतीन-चार वर्षांच्या आसपास येतो, पण मुलामुलांत फार फरक असतो. तुम्ही तिला एक वाटी, दोन वाट्या अशा मागून पाहाव्यात, म्हणजे ती नेमकी कोठे आहे ते कळेल आणि पुस्तक निवडायलाही त्याची मदत होईल. ज्या मुलाला दोनपर्यंतच अर्थ लागला आहे, त्याच्यासमोर दहा फुलपाखरांचे पान उघडण्यापेक्षा दोन आणि तीन यांवर रेंगाळणारे पुस्तक अधिक कामाचे.

पाणवठा

आमच्या मुलालाही 'किती?' असे विचारले की तो नेहमी 'पाच' म्हणायचा, कारण आजीने सर्वांत आधी तोच अंक हाताच्या पंजावर शिकवला होता. बाईंचे स्पष्टीकरण वाचून आता त्याचा उलगडा झाला.

जुना_विद्यार्थी

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या पिढीने मोजणी शिकली ती चिंचोके, सागरगोटे, कवड्या आणि शेंगांचे दाणे यांवर, आणि पाढे शिकलो ते सायंकाळी देवापुढे बसून मोठ्याने म्हणत. चित्राला माझा विरोध नाही, परंतु चित्रातले बदक जागचे हलत नाही. चिंचोका मोजून झाला की मूल तो बाजूला सरकवते, त्यामुळे कोणता मोजला आणि कोणता राहिला हे त्याच्या डोळ्यांसमोर राहते. पुस्तकाच्या पानावर मूल तेच बदक दोनदा मोजते किंवा एखादे वगळते, आणि आपण समजतो की त्याला मोजता येत नाही. वास्तविक त्याला मोजलेले आणि न मोजलेले वेगळे ठेवायला जागाच नसते. म्हणून आधी वस्तू आणि मग चित्र, हा क्रम मी सोडणार नाही. पाठांतराची एवढी उपेक्षा करण्याचेही कारण नाही, कारण ज्याला अंकांचा क्रमच येत नाही तो मोजणार तरी कशाने?

बालवाडीच्या_बाई

जुना_विद्यार्थी सर, क्रम पाठ असलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की दहापर्यंतचा क्रम पक्का झाल्यावर शंभरच्या मागे धावायचे, की त्या दहाचा अर्थ लावायचा. वस्तूंविषयीचे तुमचे निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे. मात्र वस्तू आणि पुस्तक यांत आधी-नंतर असे मानायला नको, दोन्ही एकाच मांडीवर एकाच वेळी असू शकतात. आम्ही बालवाडीत पुस्तक जमिनीवर उघडे ठेवून प्रत्येक चित्रावर एक मणी ठेवायला सांगत असू. ज्या चित्रावर मणी नाही ते मोजायचे राहिले आहे, हे मुलाला स्वतःलाच दिसते. आणि सगळे मणी उचलून ओळीत मांडले की पानावरचे आणि हातातले सारखेच आहेत, हेही दिसते.

निरीक्षक

मी बालमानसशास्त्राचा अभ्यास करतो, म्हणून मूळ प्रश्नाशी थेट संबंध असलेल्या दोन संशोधनांविषयी लिहितो. एलिझाबेथ गंडरसन आणि सुझन लेव्हाइन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ ते ३० महिन्यांच्या मुलांशी घरात पालक जे बोलतात ते ध्वनिचित्रित केले होते, आणि तीच मुले सुमारे ४६ महिन्यांची झाल्यावर त्यांना संख्येचा अर्थ किती कळतो हे तपासले होते. संख्यांविषयीचे सगळेच बोलणे सारखे उपयोगी ठरले नाही. समोर दिसणाऱ्या वस्तू मोजणे किंवा त्यांची संख्या सांगणे, आणि विशेषतः चार ते दहा एवढ्या मोठ्या समूहांविषयी असे बोलणे, हे पुढच्या समजुतीशी अधिक जोडलेले आढळले. तीनपर्यंतचे समूह मूल न मोजता एका नजरेत ओळखू शकते, म्हणून मोजण्याची खरी गरज त्यापुढे पडते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

दुसरे संशोधन केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, २०१२ मधले. साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना चित्रे दाखवताना केवळ मोजून दाखवणे किंवा केवळ संख्या सांगणे यांपेक्षा, आधी संख्या सांगून लगेच मोजून दाखवणे अधिक परिणामकारक ठरले. म्हणजे 'ही पाहा चार मांजरे: एक, दोन, तीन, चार' असे एका दमात म्हणायचे. उंबरठाताई, तुमच्या मुलीची नेमकी अडचण शेवटचा अंक आणि एकूण संख्या यांची सांगड ही आहे, आणि या पद्धतीत ती सांगड तिच्या कानावर पुनःपुन्हा पडते. 'किती आहेत?' असे विचारून तिच्याकडून उत्तर काढण्याऐवजी काही आठवडे तुम्हीच अशा प्रकारे म्हणून दाखवा, असे मी सुचवेन.

जेथे विचारायचे असेल तेथेही 'किती?' हा प्रश्न मुलांना 'मोज' या आज्ञेसारखाच वाटतो, हे लक्षात ठेवावे. म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करते. त्याऐवजी 'या प्रत्येक बदकाला एक भाकरीचा तुकडा द्यायचा आहे, तेवढे तुकडे घेऊन ये' असे सांगितले तर संख्येचा खरा उपयोग तिला करावा लागतो.

ग्रंथालयीन

वरील चर्चा वाचून मला एक धास्ती वाटते आणि ती मी स्पष्टपणे मांडते. मी मुलांच्या वाचनालयात काम करते. तेथे येणारे पालक गोष्टीच्या प्रत्येक पानावर थांबून 'हे किती? आणि ते किती?' असे विचारू लागतात, आणि आनंदाने आलेले मूल तिसऱ्या पानाला पुस्तक मिटून टाकते. गोष्ट ही गोष्टच राहिली पाहिजे. हत्ती नदी ओलांडेल की नाही या विचारात मूल गुंतलेले असताना नदीकाठचे बगळे मोजायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिल्या वाचनात मोजणी नको. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मूल स्वतःच एखाद्या चित्रावर बोट ठेवते, तेथून सुरुवात करावी.

याला जोडून आणखी एक मुद्दा आहे. नेदरलँडमध्ये मार्या फान डेन हॉवेल-पानहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गांतील मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवण्याचा गणिताच्या दृष्टीने अभ्यास केला आहे. त्यांतील एका अभ्यासात गणित शिकवण्याच्या हेतूने न लिहिलेले पुस्तक वाचून दाखवतानाही मुले स्वतःहून संख्या, आकार आणि लहान-मोठेपणा यांविषयी बोलू लागली, असे त्यांना आढळले. म्हणून केवळ अंकांची पुस्तके शोधत बसू नका. चांगली चित्रे आणि चांगली गोष्ट असेल तर मोजण्यासारखे त्यात काही ना काही असतेच.

निरीक्षक

ग्रंथालयीनताई, आपल्याशी मी सहमत आहे. मी सुचवलेल्या पद्धतीत प्रश्नच नाहीत, पालकाने वाचता वाचता एक वाक्य अधिक म्हणायचे आहे. तेही प्रत्येक पानावर म्हणण्याची गरज नाही.

डोंगरपायथा

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. आपण सगळे मांडीवर बसलेल्या एका मुलाविषयी लिहीत आहात, माझ्यासमोर मात्र तीन ते सहा वयोगटाची मुले एकत्र बसलेली असतात आणि पुस्तकाची प्रत एकच असते. पुस्तक उंच धरले की पुढच्या दोन ओळी सोडून कोणाला चित्र नीट दिसत नाही, आणि सगळी मुले एका सुरात मोजू लागली की खरोखर मोजणारी कोण आणि साथ देणारी कोण, हे कळत नाही. म्हणून मी एका वेळी चार-पाच मुलांनाच पुस्तकाभोवती घेते आणि बाकीच्यांना बिया व पाने वेचायला अंगणात पाठवते. गोष्टीत पाच माकडे असतील तर वेचून आणलेल्यांपैकी पाच पाने पुस्तकाशेजारी मांडायची, अशी आमची पद्धत आहे. गोष्टीत एक माकड झाडावरून निघून गेले की मुले स्वतःच एक पान उचलतात. वजाबाकीचे नावही न घेता ती येथे होऊन जाते.

आमच्या भागात हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादला नेले, तेव्हापासून परिसरातील शंख, बिया, खडे, काड्या हेच येथे शिक्षणाचे साहित्य होते. अंगणात भरणारी बालवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावर भरणारी शाळा ही त्यांचीच देणगी आहे.

आणखी एक सांगते. माझ्याकडील काही मुलांची घरची बोली वारली आहे. त्यांना मी आधी त्यांच्याच बोलीत मोजू देते आणि मग मराठी अंक सांगते. चित्र बोलीवर अवलंबून नसते, चार कोंबड्या सगळ्यांना चारच दिसतात. ज्या मुलाला घरच्या भाषेत चारचा अर्थ कळला आहे, त्याला मराठीत फक्त नवा शब्द शिकावा लागतो.

रेषा_आणि_रंग

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो. बाजारातील अंकपुस्तकांचा उपयोग होतो का, असा उंबरठाताईंचा प्रश्न होता आणि पुस्तक निवडताना काय पाहावे यावर अजून फारसे कोणी लिहिलेले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम पानावर मोजायचे काय आहे, हे मुलाला निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. '४' या अंकाच्या पानावर चार मासे काढलेले असतात, पण सजावट म्हणून त्यांच्याभोवती सात-आठ बुडबुडे, तीन शिंपले आणि एक खेकडाही असतो. मोठ्यांना मासे हाच विषय आहे हे लगेच समजते, मूल मात्र डोळ्यांत भरेल ते मोजते आणि चुकते. सुरुवातीच्या पुस्तकांत पार्श्वभूमी साधी असावी. पुढे मुलाला सराव झाला की हेच गजबजलेले पान उपयोगी पडते, कारण तेथे मासे किती आणि शिंपले किती, अशी वेगवेगळी मोजणी करता येते.

चित्रांची मांडणीही महत्त्वाची आहे. एका ओळीत काढलेल्या वस्तू मोजायला सर्वांत सोप्या असतात, कारण बोट एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते. गोलात काढलेल्या वस्तू अवघड, कारण सुरुवात कोठून केली होती ते मूल विसरते आणि गोल फिरतच राहते. विखुरलेल्या वस्तूही अवघडच. चांगल्या पुस्तकात ओळीपासून विखुरलेल्या मांडणीकडे असा प्रवास असतो. अनेक स्वस्त पुस्तकांत मात्र एकच चित्र जसेच्या तसे पाच वेळा छापलेले असते. त्याने मोजणी होते, पण एक लहान आणि एक मोठा, एक झोपलेला आणि एक उडणारा, असे पाच पक्षी काढले तर आकार वेगळा असला तरी प्रत्येकाला एकच अंक मिळतो, हेही मूल शिकते.

अंक आणि चित्रे एकाच नजरेत दिसली पाहिजेत. अंक एका पानावर आणि वस्तू पान उलटल्यावर, अशी रचना दिसायला आकर्षक असली तरी या वयाला ती गैरसोयीची ठरते. उघडझाप करणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या आणि बटण दाबल्यावर वाजणारे आवाज यांविषयीही मी सावध राहायला सांगेन, कारण मुलाचे सगळे लक्ष खिडकी उघडण्यात जाते आणि आत किती पिल्ले होती हे बाजूलाच राहते.

शेवटी, शक्य असेल तर दर पानाला एक वाढत जाणारी गोष्ट शोधा: नावेत आधी बेडूक, मग ससा, मग बोकड. पान उलटण्यापूर्वी 'आता आणखी एक येणार, मग किती होतील?' असा विचार मुलाच्या मनात येतो. पुढचा अंक म्हणजे आधीच्यापेक्षा बरोबर एकाने जास्त, ही संख्येची फार मोठी कल्पना आहे आणि फळांची सुटी पाने ती दाखवू शकत नाहीत.

सातासमुद्रापार

आम्ही अमेरिकेत राहतो आणि मुलाबरोबर मराठी चित्रपुस्तके वाचतो. दहापर्यंत काही अडचण आली नाही, परंतु वीसच्या पुढे तो गोंधळतो. इंग्रजीत वीस आधी आणि एक नंतर येतो, मराठीत 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो, आणि 'एकोणतीस'मध्ये तर अजून न आलेल्या तिसाचे नाव घ्यावे लागते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचन सुचवले होते, त्याचा येथे उपयोग करावा का?

जुना_विद्यार्थी

त्या वेळी या विषयावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची सोय हे त्यामागचे कारण सांगितले होते आणि पुस्तकात रूढ वाचनही दिले होते. माझा कल रूढ वाचनाकडे आहे, कारण बाजारात आणि घरात तेच कानावर पडते. परंतु परदेशात वाढणाऱ्या मुलाला काही काळ दोन्ही सांगायला माझी हरकत नाही.

बालवाडीच्या_बाई

हा प्रश्न दुसरीच्या मुलाचा आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला एकवीसची आवश्यकता नाही, म्हणून आपण मूळ विषयाकडे वळू. राहून गेलेली एक गोष्ट म्हणजे शून्य. रिकामी टोपली, उडून गेलेल्या चिमण्यांची मोकळी फांदी, अशी पाने पुस्तकात असतील तर तेथे अवश्य थांबावे. मॉन्टेसरी पद्धतीच्या काड्यांच्या पेटीत शून्यापासून नऊपर्यंत कप्पे आणि एकूण ४५ काड्या असतात, आणि शून्याचा कप्पा रिकामा ठेवायचा असतो. मुलांना त्या रिकाम्या कप्प्याचे फार नवल वाटते. चित्रात तोच अनुभव देता येतो.

स्पर्श

मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. आमची 'चित्रपुस्तके' कापडाची असतात आणि त्यांवर बटणे, शिंपले, लोकरीचे गोळे शिवलेले असतात. रेषा_आणि_रंग यांनी ओळ आणि गोल यांविषयी जे लिहिले आहे ते बोटांनाही तंतोतंत लागू पडते. गोलाकार शिवलेल्या बटणांत आम्ही सुरुवातीचे बटण खडबडीत ठेवतो, म्हणजे फेरी पूर्ण झाली हे बोटाला कळते. डोळस मुलांच्या पुस्तकातही गोलातील एक वस्तू वेगळ्या रंगाची ठेवली तर हीच सोय होईल.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे वाट्या मागून पाहिल्या. एक आणि दोन ती बरोबर देते, तीनला मात्र मूठ भरते. त्यामुळे आता तीन आणि चार यांच्या पानांवरच थांबायचे ठरवले आहे, आणि निरीक्षक यांनी सांगितल्याप्रमाणे आधी संख्या सांगून मग मोजून दाखवते आहे. दोन शंका उरल्या आहेत. मोजताना ती एखादे चित्र वगळते, तेव्हा लगेच सुधारावे का? आणि चांगली पुस्तके महाग असतात, तर घरी करता येतील का?

बालवाडीच्या_बाई

लगेच 'चुकले' असे म्हणू नये. 'आता मी मोजते, तू मणी ठेव' असे म्हणून आपण सावकाश मोजावे, म्हणजे वगळलेल्या चित्रावरही मणी जातो आणि फरक तिला दिसतो. कधी मुद्दाम बाहुलीच्या तोंडून चुकीचे मोजून दाखवावे. बाहुलीची चूक काढायला मुले फार उत्सुक असतात, आणि चूक नेमकी कोणती हे सांगताना त्यांना नियम शब्दांत मांडावा लागतो.

ग्रंथालयीन

खर्चाविषयी: प्रथम बुक्स संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मुक्त परवान्याची चित्रपुस्तके उपलब्ध आहेत. मराठीतही पुष्कळ आहेत, ती विनामूल्य वाचता आणि छापता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिकाही अल्प किमतीत मिळते.

रेषा_आणि_रंग

घरी करायचे असेल तर जाड कार्डशीटचे तुकडे करून त्यांवर घरातल्याच वस्तूंची छायाचित्रे चिकटवा: बाबांच्या दोन चपला, दोरीवर वाळणारे तीन टॉवेल, खिडकीतल्या चार कुंड्या. पाने शिवून टाकू नका, कडेला भोके पाडून नाडीने सैल बांधा. म्हणजे पाने सुटी करून मुलीला ती कमीपासून जास्तीपर्यंत लावता येतील, आणि तिला पाचचा अर्थ कळला की पाचाचे पान नंतर घालता येईल.